वर्तकनगरचा जुना फ्लॅट, बँकेचं कर्ज आणि छताचे पोपडे: दुरुस्तीचे पैसे कोणी भरायचे?

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा जे लोकलमध्ये हेडफोन विसरलेत, त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा लेखी अवतार. बोलताना मी बराच भरकटलो होतो, ते कापलंय. आकडे मात्र सगळे ठेवलेत, कारण सगळ्यात जास्त मेसेज "ते आकडे कुठे लिहून ठेवलेत का?" असेच येतात.

तर विषय आहे जुना रिसेल फ्लॅट घेताना निघणाऱ्या दुरुस्त्या. नवीन टॉवरमध्ये सॅम्पल फ्लॅट बघून भारावून जाणाऱ्यांसाठी हा भाग नाही. ज्यांचं बजेट त्यांना चाळीस-पंचेचाळीस वर्षं जुन्या इमारतीच्या जिन्यात आणून उभं करतं, त्यांच्यासाठी आहे. आम्ही दोघं, म्हणजे मी आणि बायको, तिथेच उभे होतो. वर्तकनगर, म्हाडाची जुनी वसाहत, तिसरा म्हणजे शेवटचा मजला. जुलै २०२५, रविवार सकाळ, आणि येऊरच्या बाजूने आलेला पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता.

एजंटने दार उघडलं आणि पहिलं वाक्य टाकलं, "सर, पावसाळ्यात सगळीकडेच थोडं होतं." मी काही विचारलंही नव्हतं. बाथरूमच्या वर छताचा तळहाताएवढा पोपडा पडला होता आणि आतली सळई दिसत होती, गंजून फुगलेली. हॉलच्या बीमला एक आडवी भेग. खिडकीवरच्या छज्ज्याला शेवाळ. घर मात्र उजेडाचं, उपवन तलाव चालत जाण्याइतका जवळ, आणि विकणारे काका-काकू इतके साधे की आम्हाला चहा देऊन स्वतःच म्हणाले, "पोरांनो, घर जुनं आहे, नीट बघून घ्या."

एक गोष्ट इथेच सांगतो. जुनं घर बघायचं तर जुलैत बघा. मार्चमध्ये प्रत्येक भिंत कोरडी असते आणि प्रत्येक मालक प्रामाणिक दिसतो.

माझे बाबा मात्र घाबरले होते, आणि त्याला कारण होतं. दोनच महिन्यांपूर्वी, २० मे २०२५ ला, कल्याण पूर्वेला सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावर फरशीचं काम चालू असताना स्लॅब कोसळला. तो खालच्या मजल्यांचे स्लॅब घेऊन थेट तळमजल्यापर्यंत आला आणि सहा जणांचा जीव गेला. ठाणेकरांना नौपाड्याची कृष्णा निवासही आठवत असेल, ४ ऑगस्ट २०१५, बारा मृत्यू. त्याच्या आठवडाभर आधी ठाकुर्लीची मातृकृपा, नऊ मृत्यू. बाबांनी एवढंच विचारलं, "जो पोपडा पडलाय, तो घराचा आहे की इमारतीचा?" पुढचे चार महिने आम्ही या एका प्रश्नाचं उत्तर शोधत होतो.

सबसिडीचं आमिष

दुरुस्तीआधी दोन मिनिटं कर्जावर. एजंट पहिल्या दिवसापासून म्हणत होता, "पंतप्रधान आवास मध्ये बसवून देतो, सबसिडी मिळेल." मी रात्री बसून नियम वाचले. पंतप्रधान आवास योजना शहरी २.०, १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू. त्यातल्या व्याज अनुदानासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत हवं, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, आणि देशात कुठेही स्वतःचं पक्कं घर नसावं. कर्जाच्या पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १.८० लाख, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. जुन्या योजनेतली २.६७ लाखांची सबसिडी अजून कोणी सांगत असेल तर ती २०२२ मध्येच बंद झाली.

आमचं घर ४८ लाखांना ठरत होतं. म्हणजे बसत नव्हतं. डोंबिवली, कल्याण, बदलापूरकडे बघणाऱ्यांनो, तुमचं बसू शकतं, तेव्हा बँकेत नक्की विचारा. एजंटचा उपाय सोपा होता: "कागदावर ३४.५ दाखवू, बाकी कॅश." आता हे नीट ऐका. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार आणि त्यापुढची रोख रक्कम घेणं आयकर कायद्यात बसत नाही. शिवाय कागदावर किंमत कमी झाली की कर्जही कमी. १.८० लाखांसाठी आम्ही साडेतेरा लाख रोख कुठून आणणार होतो? आणि उद्या आम्ही विकताना आमची खरेदी किंमत ३४.५ लाखच धरली जाणार, वरचा सगळा नफा समजून त्यावर कर. बायको म्हणाली, "हा माणूस आपल्याला सबसिडी देत नाहीये, आपल्याकडून घेतोय." विषय संपला. साधं गृहकर्ज, एका सरकारी बँकेचं.

बँकेचा माणूस तुमचा माणूस नाही

माझा सगळ्यात मोठा गैरसमज इथे होता. मला वाटायचं, बँक टेक्निकल व्हॅल्युएशन करते म्हणजे घर तपासते. बँकेच्या पॅनेलवरचे व्हॅल्युअर आले, टेपने खोल्या मोजल्या, मंजूर नकाशाशी ताडून बघितल्या, दहा-बारा फोटो काढले आणि वीस मिनिटांत गेले. बाथरूममध्ये डोकावलेसुद्धा नाहीत. त्यांची चूक नाही. त्यांना बँकेने विचारलेला प्रश्न वेगळा आहे: उद्या हप्ते थकले तर हे घर विकून आपले पैसे निघतील का? नळ गळतो का, वायरिंग जळेल का, हे त्या प्रश्नात येत नाही.

एडिसनला राहणाऱ्या माझ्या मावसभावाला हे सांगितलं तर तो हसला. तिकडे एफएचए म्हणजे सरकारने विमा दिलेल्या कर्जावर घर घेताना अप्रेझर किमान सुरक्षिततेचे निकष बघतो. १९७८ च्या आधीच्या घराचा रंग सोललेला असेल तर शिशाच्या भीतीने तो आधी नीट करायला लावतात, छत गळत असेल तर दुरुस्तीशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही. दुरुस्तीचा खर्च कर्जातच धरणारा वेगळा प्रकारही आहे, त्याला ते २०३-के म्हणतात. पण गंमत म्हणजे तिथेही खरेदीदाराला स्वतंत्र कागद देऊन सांगतात की अप्रेझल म्हणजे इन्स्पेक्शन नव्हे, स्वतःचा तपासनीस आणा. आपल्याकडे असा कागद कोणी देत नाही. म्हणून मी सांगतोय.

आम्ही एक स्ट्रक्चरल इंजिनिअर गाठले. त्यांची फी आम्हाला सहा हजार पडली. साहेब हातात एक छोटी हातोडी घेऊन आले आणि दोन तास घरभर ठोकत फिरले. चांगल्या काँक्रीटचा आवाज टणक येतो, आतून सुटलेल्याचा बद्द. बाथरूमच्या छताचा जवळपास निम्मा भाग बद्द वाजला. मग त्यांनी एक गोष्ट केली जी मला सुचलीच नसती. ते खाली गेले आणि दुसऱ्या मजल्याची बेल वाजवली.

खालच्या काकूंनी दार उघडलं आणि जणू तीन वर्षं वाटच बघत होत्या. "या, या, बघा तुमच्या घराचं पाणी." त्यांच्या बाथरूमच्या छतावर पिवळे नकाशे होते, खाली बादली ठेवलेली. म्हणजे आमच्या होऊ घातलेल्या घरात दोन वेगळे आजार होते. वरून गच्चीचं पाणी आमच्या छतात येत होतं, आणि आमच्या नहाणीचं पाणी खालच्यांच्या छतात जात होतं.

हा फरक महत्त्वाचा, कारण पैसे कोणी भरायचे ते यावर ठरतं. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये दुरुस्त्यांची वाटणी दिली आहे. गच्ची, बाहेरच्या भिंती, जिने, पाण्याच्या टाक्या, सामायिक पाइप आणि ड्रेनेज, घरांच्या छताची स्ट्रक्चरल दुरुस्ती हे सोसायटीच्या खर्चाने. गच्चीच्या गळतीने शेवटच्या मजल्यावर छताचं प्लास्टर पडलं तर तेही सोसायटीचं. घरातल्या संडास-बाथरूम-सिंकमुळे होणारी आतली गळती मात्र त्या घरमालकाची. म्हणजे आमच्या डोक्यावरचा पोपडा सोसायटीचा, आणि खालच्या काकूंची बादली काकांची. सही झाल्यावर ती बादली माझी होणार होती.

आणि कायदा काय म्हणतो तेही सांगतो, कारण कमेंटमध्ये वकील मंडळी येतातच. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे विक्रेत्याने त्याला माहीत असलेला मोठा दोष सांगायला हवा, पण कोणता? जो खरेदीदाराला साधी काळजी घेऊन कळला नसता तो. सळई डोळ्यांना दिसत होती, तिच्याबद्दल नंतर भांडता येणार नाही. नव्या प्रकल्पात रेराखाली बिल्डरवर पाच वर्षं स्ट्रक्चरल दोषाची जबाबदारी असते, तसं काकांवर काही नाही.

इंजिनिअर साहेबांनी घराच्या आतल्या कामांचा अंदाज दिला. बाथरूम-संडासचं वॉटरप्रूफिंग आणि नहाणी ट्रॅप बदलणं, ९० हजार. हॉलच्या बीमची भेग आणि छज्जा, ४५ हजार. वायरिंग पूर्ण बदलून नीट अर्थिंग आणि आरसीसीबी, ७५ हजार. एकूण २.१० लाख. बीमबद्दल त्यांनी सांगितलं की भेग प्लास्टरच्या आत थोडीच गेलीय, सळई शाबूत आहे. "पण फक्त पुट्टी मारून रंग लावू नका. फोडा, गंज काढा, मग पॉलिमर मॉर्टरने भरा." आणि हेही की जुन्या फरशीवर नवी फरशी चढवायची नाही. जुनी फरशी आणि कोबा काढून मगच नवी, नाहीतर स्लॅबवर उगाच वजन. कल्याणची बातमी ताजी होती, त्यामुळे हे वाक्य मी दोनदा लिहून घेतलं.

इमारतीचं वय आणि माझा हप्ता

आता बँकेकडून पत्र आलं. व्हॅल्युएशन ४६ लाख. आणि अट: इमारत १९८१ ची, म्हणून सोसायटीचं स्ट्रक्चरल स्टॅबिलिटी सर्टिफिकेट आणा.

मला वाटलं, एक कागद आहे, सेक्रेटरींकडून घेऊन येऊ. पण त्या कागदावर माझा हप्ता लटकलेला होता. हिशोब असा. आरसीसी इमारतीचं आयुष्य आमच्या बँकेने साठ वर्षं धरलं. ४४ गेली, १६ उरली. कर्ज इमारतीचं आयुष्य संपायच्या काही वर्षं आधी फिटलं पाहिजे असं बँकेचं धोरण. प्रत्येक बँकेचं गणित वेगळं असतं, आमच्या बँकेने जेमतेम १२ वर्षांची तयारी दाखवली. आम्ही धरली होती २० वर्षं. ३६.८० लाखांच्या कर्जाला, हिशोबाला सोपं म्हणून ८ टक्के व्याज धरलं तर, २० वर्षांना हप्ता साधारण ३०,८००. १५ वर्षांना ३५,२००. १२ वर्षांना ३९,८००. शेवटचा आकडा आम्हाला झेपणारा नव्हता, सरळ सांगतो. पण इंजिनिअरने दुरुस्तीनंतर इमारत आणखी किमान अमुक वर्षं टिकेल असं लेखी दिलं, तर बँक मुदत वाढवायला तयार होती.

म्हणजे सोसायटीने गच्ची आणि कॉलम दुरुस्त करणं ही आता फक्त ओल घालवायची गोष्ट राहिली नव्हती. त्यावर आमचं घर होणार की नाही हे ठरत होतं.

सेक्रेटरी काका भले माणूस, पण त्यांचं उत्तर तुम्हाला तोंडपाठ असेल: "रिडेव्हलपमेंट होणारच आहे, आता कशाला खर्च?" वर्तकनगर, लोकमान्यनगर, शास्त्रीनगर, कुठल्याही जुन्या सोसायटीत जा, हे वाक्य ऐकू येईल. आमच्या सोसायटीत ते नऊ वर्षं चालू होतं. शेवटचं ऑडिट २०१६ चं. उपविधी सांगतात की १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं. तीस वर्षांवरच्या इमारतीचं प्रमाणपत्र महापालिकेला देणं कायद्यानेही बंधनकारक आहे. बरं, रिडेव्हलपमेंटचा ठराव खरंच झाला असता तर बँकांनी वेगळेच प्रश्न काढले असते. आमच्याकडे ठराव नव्हता, बिल्डर नव्हता, नुसती आशा होती.

मी दोन गोष्टी केल्या. एक, वर्तकनगर प्रभाग समितीत जाऊन धोकादायक इमारतींच्या यादीत आपलं नाव नाही ना ते बघितलं. ही यादी पावसाळ्याआधी निघते आणि तिचे चार वर्ग असतात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती. सी-२बी म्हणजे न सोडता दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ. टोकन देण्याआधी हे बघणं फुकट आहे, तरी कोणी बघत नाही. दोन, काकांकडून सोसायटीला अर्ज दिला. मी अजून सभासद नव्हतो, माझ्या पत्राला किंमत नव्हती. काका मात्र चाळीस वर्षांचे सभासद. योगायोगाने पहिल्या मजल्यावरच्या एका कुटुंबालाही विकायचं होतं आणि त्यांच्या गिऱ्हाइकाच्या बँकेनेही तोच कागद मागितला. दोन घरं अडली म्हटल्यावर सर्वसाधारण सभा हलली.

ऑडिट झालं. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, दोन ठिकाणी काँक्रीटचा गाभा काढून चाचणी. निकाल सी-२बी. जिन्याजवळचे तीन कॉलम आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग हे मुख्य. प्रत्येक घराला ७५ हजार कॉन्ट्रिब्युशनचा ठराव झाला. सभेत आरडाओरडा झालाच. एकाने विचारलं, "इतकी वर्षं रिपेअर फंड भरला तो कुठे गेला?" प्रश्न रास्त होता. उपविधीप्रमाणे दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड किमान पाव टक्का. पण बांधकाम खर्च म्हणजे १९८१ चा! त्यावरचा पाऊण टक्का आज प्लास्टरच्या दोन गोण्या आणेल. तुम्ही घर बघायला जाल तेव्हा मेंटेनन्स कमी आहे म्हणून खूश होऊ नका, सिंकिंग फंडात किती आहेत ते विचारा आणि मागच्या दोन सभांची इतिवृत्तं वाचायला मागा. मंजूर झालेलं पण अजून वसूल न झालेलं कॉन्ट्रिब्युशन तिथेच सापडतं.

घासाघीस: किंमत कमी करायची की काम करून घ्यायचं?

हा भाग ऐकताना बऱ्याच जणांनी मागे जाऊन पुन्हा ऐकला असं दिसतंय, म्हणून इथे सावकाश.

माझी पहिली इच्छा: २.१० लाखांची दुरुस्ती आहे, तर किंमत २.१० लाख कमी करा. न्याय्य वाटतं ना? पण कर्ज असताना किंमतीतला एक लाख आणि हातातला एक लाख सारखे नसतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक घराच्या किंमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते. स्टॅम्प ड्युटी त्यात धरत नाहीत. समजा किंमत एक लाखाने कमी झाली, तर कर्जच ८० हजारांनी कमी होतं. तुमच्या खिशातले वाचतात २० हजार, आणि ठाण्यात ७ टक्के स्टॅम्प ड्युटीचे ७ हजार, तेही किंमत रेडी रेकनरच्या वर असेल तरच. दुरुस्तीवाला मात्र रोख एक लाख मागणार. म्हणजे किंमत कमी करूनही तुमच्याकडे दुरुस्तीला पैसे नाहीत!

पण एक पेच आहे, आणि तो आमच्या फायद्याचा निघाला. बँक करारातली किंमत आणि व्हॅल्युएशन यांतलं जे कमी ते धरते. आमचं व्हॅल्युएशन ४६. म्हणजे करार ४८ चा केला तरी कर्ज ४६ च्या ८० टक्के, ३६.८० लाख. वरचे २ लाख पूर्ण आमच्या खिशातून. म्हणून ४८ वरून ४६ पर्यंतची घासाघीस पूर्ण रोख वाचवत होती: दोन लाख, अधिक १४ हजार ड्युटी. ४६ च्या खाली मात्र प्रत्येक लाखाला फक्त २७ हजार. तेव्हा ४६ पर्यंत किंमत मागायची, आणि त्याखाली किंमत न मागता काम मागायचं.

मी हा हिशोब कागदावर मांडून काकांसमोर ठेवला. बँकेचं व्हॅल्युएशन त्यांनीही बघितलं. ते जरा वेळ गप्प बसले. त्यांना मुलाकडे कल्याणला जायचं होतं, तिकडच्या घरासाठी पैसे लागणार होते. काकू आतून म्हणाल्या, "अहो, खालच्यांचं बाथरूम तर आपल्यालाच करून द्यायचं होतं." ४६ वर सौदा झाला, आणि बाथरूमचं काम काका टोकनच्या पैशातून रजिस्ट्रेशनच्या आधी करून देणार असं ठरलं. सोसायटीच्या ७५ हजारांचं आम्ही अर्धं-अर्धं केलं, ३७,५०० प्रत्येकी. खरं तर ठराव ते मालक असताना झाला होता, मी पूर्ण मागू शकलो असतो. पण गच्चीचा फायदा पुढे आम्हालाच, आणि सगळं ओरबाडून घेतलेल्या घरात राहायला मला नको होतं.

काम रजिस्ट्रेशनच्या आधीच का? तुम्ही म्हणाल, काही पैसे राखून ठेवा, काम झालं की द्या. मावसभावाकडे तसं होतं. आपल्याकडे बँक तुमचा स्वतःचा हिस्सा पूर्ण दिल्याची पावती, म्हणजे ओसीआर, घेतल्याशिवाय आपला चेक सोडत नाही. राखून ठेवायला हातात काही उरतच नाही. रजिस्ट्रेशन झालं की दोघांच्याही मनात घर बदललेलं असतं, मग फोन उचलले जात नाहीत. चांगली माणसंसुद्धा उचलत नाहीत.

टोकनच्या कागदावर आम्ही दोन वाक्यं घातली, वकिलाने सुचवलेली. बँकेने कर्ज नाकारलं किंवा व्हॅल्युएशनमुळे कमी केलं तर टोकन परत. आणि बाथरूमचं काम आमच्या इंजिनिअरने तपासून मान्य केल्यावरच रजिस्ट्रेशनची तारीख. काकांच्या बाजूनेही एक: काम झाल्यावर आम्ही कारणाशिवाय मागे हटलो तर खर्च टोकनमधून वजा. त्यांनाही धोका होताच की.

काम झाल्यावर बाथरूमचं ट्रॅप बुजवून ४८ तास पाणी साठवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी मी खालच्या काकूंकडे गेलो. छत कोरडं. बादली मात्र अजून तिथेच होती. म्हणाल्या, "राहू दे, एक पावसाळा जाऊ दे."

सर्टिफिकेट आलं, बँकेने १५ वर्षं दिली, दिवाळीनंतर नोव्हेंबरमध्ये रजिस्ट्रेशन झालं. आमच्या वाट्याची बीम, छज्जा आणि वायरिंगची कामं अंदाजे १.२० लाखांची होती, प्रत्यक्षात १.३८ लाख लागले, कारण भिंत फोडल्यावर आत काय निघेल ते हातोडीलाही कळत नाही. व्हॅल्युएशनने वाचवलेले दोन लाख होते म्हणून ते जमलं. काहींनी विचारलं, दुरुस्तीसाठी वेगळं कर्ज मिळतं का? मिळतं, होम इम्प्रूव्हमेंट लोन म्हणून बँका देतात. पण क्रेडिट कार्ड किंवा मोबाइल अ‍ॅपवरचं पर्सनल लोन उचलून फरशी बदलू नका, त्यातही गृहकर्ज मंजूर होण्याआधी तर मुळीच नको, तुमची हप्ता झेपण्याची क्षमता तिथेच कमी होते.

बीम भरताना इंजिनिअर साहेबांनी जुन्या भेगेच्या जागी काचेची एक बारीक पट्टी आडवी चिकटवून दिली आणि मार्करने तारीख टाकली. बीम हलला तर काच तडकणार. बाबा आले की आधी तिच्याकडे बघतात, मग चप्पल काढतात. पट्टी अजून अखंड आहे. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की साहेब पुन्हा हातोडी घेऊन येणार आहेत, आणि खालच्या काकूंनी त्यांना चहाचं आमंत्रण देऊन ठेवलंय.

पुढच्या भागात म्हाडाच्या कोकण मंडळाच्या रेकॉर्डला आमचं नाव लावण्याची गोष्ट. ती अजून चालूच आहे, त्यामुळे एपिसोडला थोडा उशीर होईल.